बरणी परत देताना

पत्र, थोडक्यात:

"ताई, मी सांगलीची. पतसंस्थेत सात वर्षं हिशेब सांभाळत होते. नवऱ्याला इथल्या इस्पितळात नोकरी लागली म्हणून गेल्या मे महिन्यात आम्ही इंग्लंडमधल्या हेरिफर्डशर परगण्यात एका खेड्यात आलो. पन्नासेक घरं, एक चर्च, एक पब, बस दिवसातून तीनदा. नवरा सकाळी साडेसहाला गाडी घेऊन जातो तो संध्याकाळी साडेसातला परत येतो. माझं चारचाकीचं लायसन्स आहे, पण इथे हात लावायची हिंमत होत नाही. लेक सहा वर्षांची. शाळेत 43 मुलं, त्यात सावळी ती एकटीच. एका मुलाने तिला विचारलं, तुझा रंग धुतल्यावर जातो का? ख्रिसमसनंतर हीटिंगचं तेल संपलं, दोन दिवस आम्ही कोट घालून झोपलो. शेजारच्या आजींनी सप्टेंबरात दारात चटणीची बरणी ठेवली होती. मी थँक्यू म्हणाले, पुढे काहीच झालं नाही. आठ महिन्यांत बाहेरच्या एकाही माणसाने आमचा उंबरा ओलांडलेला नाही. संक्रांतीला तिळगूळ केला, तो आम्हीच खाल्ला, डबा अर्धा तसाच आहे. दुपारी मला रडू येतं. नवरा म्हणतो, अशी शांत जागा मिळायला नशीब लागतं. बर्मिंगहॅमला नाहीतर लेस्टरला जाऊ या असा हट्ट धरू का?"

प्रिय मैत्रिणी,

तुझं पत्र वाचून मी आधी चहा ठेवला आणि मग पुन्हा वाचलं. 1998च्या ऑक्टोबरात मी तुमच्या शेजारच्या श्रॉपशरमधल्या एका खेड्यात आले, लडलो गावापासून सात मैलांवर. म्हणजे तू आणि मी फार लांब नाही. तू माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाची असशील, म्हणून एकेरीत लिहिते.

आधी रडण्याबद्दल. ते बाजूला सारू नकोस. रोज दुपारी रडू येणं, झोप न लागणं, जेवणावरची वासना उडणं असं दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल तर जीपीला, म्हणजे तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना, सांग, आणि "थोडं उदास वाटतं" एवढ्यावर थांबू नकोस, पत्रात लिहिलंस तसंच सांग. इंग्लंडमध्ये एनएचएसची, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेची, टॉकिंग थेरपी (समुपदेशन) विनामूल्य मिळते. त्यासाठी डॉक्टरांची चिठ्ठी लागत नाही, आपलं नाव आपण ऑनलाइन नोंदवता येतं आणि दुभाषी मागता येतो. एखाद्या रात्री फारच असह्य झालं तर समॅरिटन्स या मन मोकळं करायच्या हेल्पलाइनचा 116 123 हा नंबर चोवीस तास चालू असतो, त्याला पैसे पडत नाहीत. ड जीवनसत्त्वाची 10 मायक्रोग्रॅमची गोळी सगळ्यांनीच हिवाळ्यात घ्यावी आणि आपल्यासारख्या सावळ्या माणसांनी वर्षभर घ्यायचा विचार करावा, असं इथलं सरकारच सांगतं. तिघांसाठीही आण.

अंधार हे कारण खरं आहे, ते तुझं हळवेपण नाही. 21 डिसेंबरला तुमच्याकडे सूर्य सव्वाआठला उगवतो आणि चारला मावळतो. सांगलीत त्या दिवशीसुद्धा अकरा तास उजेड असतो. शरीराला हा फरक कळतो. पण तो दिवस आता महिनाभर मागे पडला आहे, या आठवड्यात साडेचारपर्यंत दिसतं. जेवणाआधी बाराच्या सुमारास रोज अर्धा तास बाहेर पड, पाऊस असला तरी. ऑर्डनन्स सर्व्हे या इथल्या सरकारी नकाशा संस्थेचा एक्सप्लोरर नकाशा आण. त्यात हिरव्या तुटक रेषा दिसतील, त्या सार्वजनिक पायवाटा. लोकांच्या शेतातून, मेंढ्यांमधून, कधी घरामागच्या अंगणाजवळूनही त्या जातात, आणि तिथून चालायचा तुला कायद्याने हक्क आहे. आपल्याकडे पाणंदीवरून भावाभावांत डोकी फुटतात, त्यामुळे पहिल्यांदा दुसऱ्याच्या रानात पाऊल टाकताना मला चोरी करत असल्यासारखं वाटलं होतं. नियम एवढेच: फाटक जसं सापडलं तसंच ठेवायचं आणि पीक तुडवायचं नाही. फूटपाथ नसलेल्या रस्त्यावर उजव्या बाजूने, समोरच्या गाडीकडे तोंड करून चालायचं आणि चमकणारं जॅकेट घालायचं.

आता माणसांबद्दल. तुझ्या पत्राचा जीव इथे आहे.

आपल्याकडे नवीन बिऱ्हाड आलं की शेजारीण दूध आहे का विचारायला येते, दार उघडं दिसलं की आत येऊन बसते, माहेर कुठलं इथपासून चौकशी सुरू करते. इंग्लंडच्या खेड्यात बोलावल्याशिवाय कुणी आत येत नाही. आत न येणं हाच तिथला आदर आहे. "कधीतरी चहाला या" म्हणजे बोलावणं नव्हे, वार आणि वेळ सांगितली म्हणजे बोलावणं. त्यामुळे तू त्यांच्या येण्याची वाट बघते आहेस, आणि ते तुझ्या बोलावण्याची. दोन्ही घरांतून पडदा थोडा सरकवून बघणं मात्र रोज चालू असतं, याची खात्री बाळग.

माझी स्वतःची चूक सांगते. आल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात सकाळी पायरीवर शेंगांची पिशवी ठेवलेली दिसली. रनर बीन्स, आपल्या घेवड्यासारख्याच, जरा लांब आणि खरखरीत. हंगामातल्या शेवटच्या असाव्यात. मला वाटलं चुकून ठेवली असेल, ज्याची असेल तो नेईल. मी हात लावला नाही. आठवड्याने त्या काळ्या पडल्या. पिशवी ठेवणारी बाई रोज समोरून जात होती, तिने ते पाहिलं आणि पुढचे पाच महिने ती माझ्याशी हवामानापलीकडे काही बोलली नाही. मी घरी फोन करून आईला सांगायचे की इथली माणसं कोरडी आहेत.

मार्चमध्ये त्याच बाईने दार वाजवलं. तिच्या शेतावर मेंढ्या वीत होत्या, नवरा पाठ धरून पडला होता. तिने विचारलं, तुझे दोन हात मोकळे आहेत का? बाकी काही नाही. मी मोज्यांवर चप्पल घालून निघाले तर तिने माझ्या पायांकडे पाहिलं आणि स्वतःच्या सुनेचे गमबूट दिले, दोन नंबर मोठे. गोठ्यात उष्ण दिवा लावलेला होता. तिने माझ्या मांडीवर एक कोकरू ठेवलं, पिवळ्या चिकट लोकरीचं, थरथरणारं, आणि हातात दुधाची बाटली दिली. त्याने आधी दोनदा तोंड फिरवलं. मग अचानक बाटलीचं निपल धरून असं ओढायला लागलं की बाटली निसटली, आणि त्याची शेपटी फिरू लागली, चक्रासारखी. तिथे दोन तास होते मी. तिने मला मी कुठली, काय करते, काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी मात्र रस्त्याच्या पलीकडून नावाने हाक मारली. चुकीच्या उच्चाराने, पण नावाने.

त्या दिवशी मला ती जागा कळली. तिथे माणूस ओळखीचा होतो तो कामातून. गप्पा त्यानंतर येतात. तू सात वर्षं पतसंस्थेचे हिशेब सांभाळलेस, हे तू पत्रात एका ओळीत उरकलंस. मी तिथेच थांबले. इंग्लंडच्या खेड्यांतली जवळपास प्रत्येक गोष्ट गावातले स्वयंसेवक चालवतात: गावाचा हॉल, त्याची समिती, जत्रा, क्रिकेटचा क्लब, काही ठिकाणी तर गावाचं दुकानसुद्धा. आणि या सगळ्यांना कायम हवा असतो तो खजिनदार. केक करणारे पुष्कळ मिळतात, पैशाची वही नीट ठेवणारं कुणी मिळत नाही. हॉलच्या दारावर नोटिसांचा फळा असेल, त्यावर सेक्रेटरीचा फोन नंबर असतो. फोन कर आणि सांग की मी हिशेबाचं काम केलं आहे, मदत हवी असेल तर करेन. इंग्रजी अडखळलं तरी चालेल, आकडे सगळीकडे सारखेच असतात. तुझं इंग्रजी त्या खोलीत बसूनच सुधारेल, माझं तसंच सुधारलं.

महिन्याला एकदा विमेन्स इन्स्टिट्यूटची बैठक असते, तुमच्या गावात नसली तर शेजारच्या गावात. ब्रिटनमध्ये ही संस्था 1915 साली वेल्समधल्या अँगल्सी बेटावर सुरू झाली, मूळ कॅनडातली. मुरांबे आणि विणकाम हे खरंच असतं, पण खेड्यातल्या बायकांना घराबाहेर बोलायला हक्काची जागा मिळावी हे त्याचं खरं काम, आपल्या महिला मंडळासारखं. सदस्य होण्याआधी पाहुणी म्हणून जाऊन बसता येतं. पहिल्या दिवशी कंटाळा येईल. तीन बैठकांआधी मत बनवू नकोस.

गाडीचं मात्र लांबवू नकोस, कारण तिथे तुझ्याकडे वेळ मोजका आहे. भारतीय लायसन्सवर ब्रिटनमध्ये राहायला आल्यापासून 12 महिनेच गाडी चालवता येते. तू मे महिन्यात आलीस, म्हणजे चार महिने उरले. त्यानंतर इथलं प्रोव्हिजनल, म्हणजे शिकाऊ, लायसन्स, थिअरीची परीक्षा आणि प्रत्यक्ष परीक्षा. प्रत्यक्ष परीक्षेची तारीख मिळायला बऱ्याच ठिकाणी कित्येक महिने लागतात, म्हणून प्रोव्हिजनलचा अर्ज याच आठवड्यात टाक आणि थिअरीचा अभ्यास सुरू कर. मे उलटला तर शेजारी तीन वर्षं जुनं लायसन्स असलेलं, 21 वर्षांवरचं माणूस बसवून, लाल 'एल' लावूनच चालवावी लागेल. विम्यात तुझं नाव घातल्याशिवाय किल्ली हातात घेऊ नकोस. शिकवणाऱ्याकडे निदान पाच-सहा तास घे. नवऱ्याकडून पूर्ण शिकू नकोस, भांडणं होतात, प्रत्येक घरात होतात.

त्या एका गाडीच्या रुंदीच्या रस्त्यांना घाबरणं साहजिक आहे. दोन्हीकडे डोक्याच्या वर कुंपणाची झाडी, आणि वळणावर अचानक ट्रॅक्टर. पण तिथली रीत साधी आहे. जो बाजूला घ्यायच्या जागेजवळ असेल तो मागे जातो किंवा थांबतो, आणि दुसरा जाताना स्टिअरिंगवरचं एक बोट वर करतो. तेवढंच, एक बोट. तोच तिथला रामराम. पहिल्यांदा माझ्यासाठी एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने ते बोट उचललं तेव्हा मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं होतं. गाडी चालवता येईपर्यंत त्या तीन बसचा उपयोग कर. सध्या इंग्लंडात बहुतेक मार्गांवर एका फेरीला 3 पौंडांपेक्षा जास्त घेत नाहीत. आठवड्यातून एकदा लेमस्टर किंवा हेरिफर्ड गाठ, बाजारच्या दिवशी, काही आणायचं नसलं तरी.

तेलाचं एकदाच नीट लक्षात घे. टाकीत पाव भाग उरला की मागवायचं, संपायची वाट बघायची नाही. तळाचा गाळ नळीत ओढला गेला, हवा शिरली, तर तेल आल्यावरही बॉयलर आपोआप सुरू होत नाही, माणूस बोलवावा लागतो. बहुतेक विक्रेते 500 लिटरपेक्षा कमी आणत नाहीत. विजेच्या आणि गॅसच्या दरावर जी सरकारी कमाल मर्यादा आहे ती या तेलाला लागू नाही, आणि कडाक्याच्या थंडीत सगळे एकदम मागवतात, म्हणून भरायचं ते उन्हाळ्याच्या अखेरीस. पुष्कळ गावांत एकजण सगळ्यांची मागणी गोळा करतो, टँकर एका फेरीत सगळीकडे ओततो आणि दर कमी पडतो. तुमच्या गावात तो कोण आहे हे शेजारच्या आजींना नक्की ठाऊक असेल. विचार त्यांना. मदत मागितलेली इथल्या माणसांना आवडते, कारण त्यांना काय करायचं ते नेमकं कळतं. वीज गेली तर 105 फिरव.

लेकीच्या शाळेचं मी सगळ्यात शेवटी घेत होते, कारण त्यावर लिहिताना माझा हात जड होतो. माझ्या मुलालाही तो प्रश्न विचारला होता. सहा वर्षांच्या मुलाने ते कुतूहलाने विचारलं असेल, त्याने आयुष्यात दुसऱ्या रंगाची त्वचा जवळून पाहिलेलीच नसेल. पण तुझ्या मुलीला ते कसं वाटलं हा प्रश्न वेगळा, आणि तोच तुझा. त्याच आठवड्यात मी शिक्षिकेला भेटायला हवं होतं. मी गेले नाही, 'नवीन आहोत, तक्रार कशाला' म्हणून गप्प बसले. मुलगा मात्र त्या हिवाळ्यात न्हाणीघरात जास्त वेळ साबण लावत राहायचा, हे मला फार उशिरा कळलं. म्हणून तू जा. शाळेत 43च मुलं असल्याने शिक्षिकेला प्रत्येकाची आई तोंडपाठ असते. शांतपणे सांग काय झालं आणि विचार वर्गात तुम्ही काय बोलणार आहात. पुन्हा झालं आणि शब्द खुनशी असले, तर लेखी दे. ते सहन करायला तू तिथे गेलेली नाहीस. आणि लेकीला तिचा रंग आजीसारखा आहे, पणजीसारखा आहे, हे फोटो काढून दाखव. दिवाळीत वर्गात जाऊन पणत्या लावायला शाळा आनंदाने बोलावेल, जाच. फक्त तिलाच दर वेळी उभं करून 'आमच्याकडे असं असतं' सांगायला लावू देऊ नकोस. तिला खाली बसून इतरांसारखं खिडकीबाहेर बघता आलं पाहिजे.

नवऱ्याबद्दल. तो खोटं बोलत नाही. बारा तास इस्पितळाच्या आवाजात राहून तो घरी येतो, त्याला ती शांतता औषधासारखी लागते. पण ज्या शांततेत तो जागेपणी दोन तास असतो, तिच्यात तू दहा तास असतेस. हे वाक्य त्याला असंच म्हण, शनिवारी सकाळी, थकलेला नसताना. त्याच्याकडे दोन गोष्टी माग. एक, दर शनिवारी एक तास तुझ्या गाडीच्या सरावाला. दोन, सप्टेंबरअखेरची मुदत. तोपर्यंत तू मनापासून करून बघशील, आणि तरी जमलं नाही तर तो मनापासून दुसरीकडे नोकरी शोधेल. त्याचा व्हिसा नोकरी देणाऱ्याच्या स्पॉन्सरशिपवर असेल तर नोकरी बदलताना तीही नव्याने मिळवावी लागते, म्हणून चौकशी आतापासून करून ठेवलेली बरी.

हट्ट धरू का, असं तू विचारलंस. जानेवारीत धरू नकोस. जानेवारीत मला पण दर वर्षी पुण्याला परत जावंसं वाटतं. एप्रिलमध्ये कुंपणातून काटेरी ब्लॅकथॉर्न पांढरा फुलतो, मेमध्ये सफरचंदाच्या बागा, आणि जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत लेक बाहेर खेळत राहते, तिला आत बोलवावं लागतं. ते वर्ष तू पूर्ण पाहिलेलं नाहीस, आलीस तेव्हा खोकी उघडत होतीस. पण सप्टेंबरमध्येही तुझं मन तिथे लागलं नाही, तर खुशाल जा. माझी एक मैत्रीण चार वर्षांनी लेस्टरला गेली. तिला रोज मराठीत बोलायला माणसं हवी होती, हातगाडीवरून कोथिंबीर निवडायची होती, आणि तिने बरोबर केलं. मी राहिले, तेही बरोबर.

आता ती बरणी. सप्टेंबरातली म्हणजे पडलेल्या सफरचंदांची किंवा हिरव्या टोमॅटोंची असणार. शब्द आपल्याकडूनच गेला, पण ते आपल्या लोणच्यासारखं मुरवायचं असतं: व्हिनेगर, साखर, कांदा घालून आटवायचं आणि दोन-तीन महिने कपाटात ठेवायचं. झाकणावर आजींनी तारीख लिहिली असेल. संपली नसेल तर आज चीजबरोबर खा, संपली असेल तर धुऊन ठेव. इंग्लंडमध्ये रिकामी बरणी परत मिळालेली फार आवडते, पुढच्या वर्षी लागते ना. आणि आपल्याकडे कुणाचं भांडं रिकामं परत देत नाहीत. हे दोन्ही तुझ्या स्वयंपाकघरात आयतं जुळून आलेलं आहे.

डब्यातल्या तिळगुळाच्या वड्या त्या बरणीत भर. कागदाच्या पट्टीवर ठळक लिही: तीळ, शेंगदाणे, गूळ. हे विसरू नकोस, तीळ आणि शेंगदाणे या दोन्हींची कुणाला ॲलर्जी असू शकते आणि इथली माणसं आधी तेच बघतात. मागच्या बाजूला लिही, 'शनिवारी तीन ते साडेचार, चहाला या', आणि खाली तुझं नाव, वाचता येईल असं. सकाळी अकराच्या सुमारास जा. दार वाजवून दोन पावलं मागे उभी राहा, त्यांना दाराशी यायला वेळ लागेल. चटणी आवडली म्हणून सांग, कशाची होती ते विचार, आणि तेलाच्या टँकरचं गावात कोण बघतं तेही. तिळगूळ का द्यायचा ते सांगायला शब्द सुचले नाहीत तर राहू दे, शनिवारी सांग.

रथसप्तमीला अजून चार दिवस आहेत.

तुझी,
ताई